लेकराच्या अंगाला इचारा

छबूबाई कुठलंही कापड घेण्याआधी गालाला लावून बघत. दुकानात पाच माणसं असोत की पंचवीस, त्या डोळे मिटत, कापडाचा कोपरा उजव्या गालावर ठेवत आणि कुणी कानात काही सांगत असावं तशा क्षणभर गप्प राहत. मग डोळे उघडून म्हणत, “घ्या,” नाहीतर “ठिवा.” परकराचं कापड असो की ब्लाऊजचं अस्तर, परीक्षा तीच. पण हीच परीक्षा त्यांनी एकदा मेडिकलच्या दुकानात तान्ह्या मुलांच्या डायपरवर घेतली. त्या वेळी मी त्यांच्या शेजारी उभी होते आणि धरणीनं मला पोटात घेतलं तर बरं, असं मला वाटत होतं.

छबूबाई माझ्या विहीणबाई. माझी एकुलती एक मुलगी प्रज्ञा, तिच्या सासूबाई. मिरजगावला हायवेलगत त्यांची एक खोली होती. पुढच्या अर्ध्या भागात शिलाई मशीन, मागच्या अर्ध्या भागात संसार. मुलगा नितीन सात वर्षांचा असताना नवरा गेला. त्यानंतर ब्लाऊज, परकर, पिको-फॉल करत त्यांनी मुलाला डिप्लोमापर्यंत शिकवलं. तो सुप्याच्या एमआयडीसीत नोकरीला लागला, नगरला भाड्यानं राहू लागला, तरी त्यांनी मिरजगावची खोली सोडली नाही. मी नगरला सावेडीत राहणारी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली बाई. माझे यजमानही फार लवकर गेले. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला आम्ही दोघी सारख्याच. मला मात्र आमची तुलना झालेली अजिबात खपत नसे. मी शिकवलेली मुलं तहसील कचेरीत, बँकेत बसलेली होती. आणि या चौथी शिकलेल्या बाईंना लोक माझ्या बरोबरीनं ‘दोघी विहिणी’ म्हणत.

आमची पहिली भेट लग्नाच्या बैठकीतली. मी पैठणी नेसले होते, ब्लाऊज नगरमधल्या चांगल्या शिंपिणीकडून शिवून घेतला होता. चहा झाला, देण्याघेण्याचं बोलणं नको असं दोन्हीकडून ठरलं, आणि मग छबूबाई माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाल्या, “बाई, राग मानू नका. तुमचा डावा खांदा उजव्यापरीस खाली हाय. शिवनारीनं दोन्ही बाह्या सारख्याच कापल्यात. म्हनून तुमाला दंडात वढतंय.”

मला राग आलाच. दंडात ओढत होतं हे खरं होतं, म्हणून जास्त आला. पुस्तकांची पिशवी डाव्या खांद्याला अडकवून मी तीस वर्षं शाळेत गेले, तो खांदा उतरला आहे हे माझ्या आरशानं मला कधी सांगितलं नव्हतं. लग्नानंतर महिनाभरानं नितीनबरोबर त्यांनी माझ्यासाठी एक ब्लाऊज शिवून पाठवला. माप घेतलं नव्हतं, नुसतं एकदा बघितलं होतं. तो असा बसला की अंगात काही घातलंय हे विसरायला व्हावं. पण प्रज्ञा घरी यायची असली की मी तो कधी घालत नसे.

प्रज्ञानं त्यांना ‘आई’ म्हणायला सुरुवात केली, तिथून माझं खरं दुखणं सुरू झालं. मला ती लहानपणापासून ‘मम्मी’ म्हणते. मीच शिकवलं होतं. तेव्हा ते बरं वाटायचं, जरा पुढारलेलं. आता मला कळलं की मी माझ्या हातानं ‘आई’ ही जागा रिकामी ठेवली होती आणि तिथं दुसरी कुणी येऊन बसली होती. फोनवर बोलता बोलता प्रज्ञा म्हणे, “थांब मम्मी, आईंना विचारते.” शेवग्याच्या शेंगांची भाजी मी तिला वीस वर्षं खायला घातली, आणि ती कशी करायची हे ती त्यांना विचारत होती.

प्रज्ञाला दिवस गेले तेव्हा पहिलं बाळंतपण माझ्याकडे, हे मी आधीच जाहीर करून टाकलं. उन्हाळा नुकता लागला होता. सिझेरियन झालं, मुलगी झाली. दुसऱ्याच दिवशी छबूबाई एसटीनं आल्या, दोन्ही हातांत पिशव्या. दवाखान्याच्या खोलीत त्यांनी एक पिशवी कॉटवर मोकळी केली. आतून निघाले लंगोट. मोजून तीस. पांढरे, मऊ, इस्त्री केलेले. गावात घरोघर फिरून त्यांनी जुनी धोतरं आणि सुती लुगडी मागून आणली होती, पाण्यात उकळली होती, कडक उन्हात वाळवली होती आणि मग शिवली होती.

“शिवन समदी भायेर काढलीया,” त्या प्रज्ञाला एकेक लंगोट उलटून दाखवत होत्या. “आत काईच टोचनार न्हाई. आन् बंद कडेला बांधायचं, पोटावर न्हाई आन् पाठीवर न्हाई. गाठ लेकराच्या अंगाखाली याय नको.”

“आई, किती मऊ आहेत हो!” प्रज्ञानं एक लंगोट गालाला लावला. अगदी त्यांच्यासारखाच.

मी बाळासाठी आणलेला गुलाबी, मोत्यांचा फ्रॉक तिच्या उशाशी खोक्यातच होता. तो सहा महिन्यांच्या मुलीच्या मापाचा होता.

“अहो विहीणबाई,” मी म्हणाले, “हल्ली लंगोट कोण वापरतं? तिला टाके आहेत, दिवसाला पंधरा-वीस लंगोट धुणार कोण? आपण डायपरच आणू.”

मला वाटलं, त्या हिरमुसतील. त्या लगेच पायात चपला घालायला लागल्या. “आनू की. चला, बगू कसलं असत्यात.”

दवाखान्याच्या खालीच मेडिकल होतं. मी सगळ्यांत नावाजलेल्या डायपरचं मोठं पाकीट मागितलं. छबूबाई मध्येच म्हणाल्या, “भाऊ, सुटं मिळत्यात का? एक म्हागाचा द्या, एक मधला, एक स्वस्ताचा.” दुकानदारानं एकेकाचे पुडे काढून दिले. त्यांनी ते तिथंच, काउंटरवर फोडले आणि म्हणाल्या, “पेलाभर पानी द्या जरा.”

दुकानात चांगली गर्दी होती. त्यांनी तिन्ही डायपरांवर सारखं सारखं पाणी ओतलं आणि थांबल्या. मग हाताचा मागचा भाग दाबून बघितला. मग एकेक उचलून गालाला लावला. कडेच्या रबरावरून बोट फिरवलं, चिकटपट्टी दोनदा लावून दोनदा उचकटली. मागचा एक माणूस हसला. दुकानदार मात्र हसत नव्हता, तो पुढे वाकून बघत होता.

“स्वस्ताचा वला लागतोय, ठिवा,” छबूबाई म्हणाल्या. “म्हागाचा आन् मधला, दोन्ही कोरडं. म्हागाच्याला वास मारलाय, फुलाचा. लेकराला कशाला पायजे फुलाचा वास? ह्यो मधला घ्या. त्योबी आज दोनच. घालून बगायचं, आन् मंग पाकीट.”

“तुम्हाला यातलं काय कळतं?” असं मी म्हणाले नाही, पण माझ्या चेहऱ्यावर ते आलं असणार. त्या माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाल्या, “मला नका इचारू बाई. लेकराच्या अंगाला इचारा.”

हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं. गिऱ्हाईक बाई म्हणाली, “छबूताई, गळा मोठा बरा दिसेल का?” तर त्या म्हणायच्या, “मला नका इचारू, अंगाला इचारा.” नितीन लहानपणी म्हणे, “आई, स्वेटर घालू का?” तरी तेच. मी मात्र अंगाला वगैरे काही विचारलं नाही. मी महागाचं मोठं पाकीट घेतलं. “माझी पहिली नात आहे,” मी म्हणाले. ‘माझी’वर मी जरा जोर दिला.

बारसं होईपर्यंत त्या राहिल्या. नाव सई ठेवलं. जाताना त्यांनी मला त्यांचा बेत समजावून सांगितला. घरी असलं की लंगोट. लस टोचायला जायचं, गाडीत बसायचं किंवा पाहुण्यांत न्यायचं, तर मधल्या दराचा डायपर. आणि रोज दोन तास काहीच नाही. “उगडं ठिवायचं. लेकराच्या अंगालाबी वारं लागू द्या की. त्यात खर्चबी कमी आन् लेकरूबी खूश.” मी मान हलवली. त्यांची एसटी सुटली असेल-नसेल, तोवर मी तीसच्या तीस लंगोटांची घडी घातली आणि कपाटाच्या सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवून दिले. प्रज्ञाला टाक्यांमुळे हात वर करता येत नव्हता. ती म्हणाली, “मम्मी, लंगोट कुठे गं?” मी म्हणाले, “धुऊन वाळत घातलेत.” हे मी चार दिवस सांगितलं. पाचव्या दिवशी तिनं विचारणं सोडलं.

महागाचं पाकीट किती लवकर संपतं हे तान्हं मूल घरात असणाऱ्यालाच कळतं. दुसरं आणलं, तेही संपलं. त्याच सुमारास माझ्या दातांचं मोठं काम निघालं आणि पेन्शन पुरेना. नितीननं दोनदा विचारलं, “मम्मी, काही आणून देऊ का?” मी दोन्ही वेळा म्हणाले, “पहिलं बाळंतपण माहेरचं असतं. तुम्ही लक्ष घालू नका.” मधल्या दराचा डायपर आणला असता तर भागलं असतं. पण ते म्हणजे छबूबाईंचं ऐकल्यासारखं झालं असतं.

एके दिवशी भाजी आणायला गेले होते, तर बाजाराच्या कडेला एक टेम्पो उभा होता आणि त्यात सुट्या डायपरांचा ढीग. किलोवर विकत होते. कंपनीतून बाद झालेला माल. बायका खाली वाकून पिशव्या भरत होत्या. मीही पदर डोक्यावर घेतला, कुणी ओळखीचं नाही ना बघितलं आणि दोन किलो घेतले. घरी आल्यावर स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि ते डायपर घडी घालून एकेक करून महागाच्या रिकाम्या पाकिटात भरले. तोंड नीट दुमडून चिकटवलं. शाळेत मुलांनी वहीचं पान फाडून परत चिकटवलं तर मी त्यांना उभं करत असे.

तीन दिवसांत सईच्या जांघेत लाल चट्टे उठले. पाचव्या दिवशी कातडी सोलवटली. ती अशी रडायची की श्वास अडकायचा. डॉक्टरांनी मलम दिलं, विचारलं, “डायपर बदलला का?” प्रज्ञा म्हणाली, “नाही, पहिल्यापासून तोच आहे.” मी खिडकीबाहेर बघत होते. तिथं एक लिंबाचं झाड होतं, त्याची पानं मला आजही आठवतात.

घरी आल्यावर प्रज्ञा रडायला लागली. “मम्मी, मी आईंना बोलावू का?”

मी तिथं होते. तिची आई तिथं, समोर बसलेली होती. “कशाला त्यांना त्रास?” मी म्हणाले. तिनं माझ्या नकळत फोन केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहालाच छबूबाई दारात. घाम पुसला नाही, पाणी घेतलं नाही, हात धुऊन आधी सईला मांडीवर घेतलं. डायपर सोडला. चट्टे बघून त्यांचा चेहरा एकदम बदलला. मग त्यांनी तो काढलेला डायपर हातात घेतला आणि कडेच्या रबरावरून बोट फिरवलं. एका बाजूचं रबर दुसऱ्या बाजूपेक्षा बोटभर आखूड होतं. त्यांनी पाकीट पुढे ओढलं, आतले दोन-चार काढून बघितले. मग पाकिटाकडे बघितलं. मग माझ्याकडे.

मी सईची दुपटी आवरायला घेतली.

“काय झालं आई?” प्रज्ञानं विचारलं.

“काय न्हाई. उनाचं हाय,” छबूबाई म्हणाल्या. “लेकराला घाम हुतोय. चार दिस काईच घालू नका. आन् हे पाकीट मी गावाला न्हेते, आमच्याकडं एकीचं लेकरू मोठं हाय, तिला व्हईल.” आणि ते पाकीट त्यांनी स्वतःच्या पिशवीत तळाशी घालून टाकलं. प्रज्ञाला पुन्हा ते दिसू नये म्हणून.

मी चहा टाकायला आत गेले. त्या मागोमाग आल्या.

“बाई, बाद माल कापडातबी असतो,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “हात लावला का कळतं. त्याचं काय न्हाई, गरज पडली तर मानूस घेतं. पन पाकीट कशापायी बदललं?”

“मला लाज वाटली.”

“कुनाची?”

मी गॅस बारीक केला. मग म्हणाले, “तुमची.”

त्यांनी कप ओट्यावर मांडले. मला वाटलं, आता ऐकवतील. त्यांनी ऐकवलं असतं तर मला सोपं गेलं असतं, मीही चार शब्द बोलले असते. त्या एवढंच म्हणाल्या, “लंगोट कुठं हायत?” मी स्टूल घेतलं, वरच्या फळीवरून तीसही लंगोट काढून त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते मोजले नाहीत. ते पाकीट त्यांनी कुणालाही दिलं नाही, चुलीत घातलं, हे मला पुढे कधीतरी बोलता बोलता कळलं.

त्या पंधरा दिवस राहिल्या. चट्टे आठवड्यात गेले. पण ते पंधरा दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत कडू दिवस होते, हे लिहायला मला आता हरकत वाटत नाही. माझ्याच घरात, माझ्याच पलंगावर माझी मुलगी आणि त्या अशा दोघी बसत. प्रज्ञा त्यांच्याकडून झबलं बेतायला शिकत होती. दोघी हसत. मी आत पोळ्या लाटत असे आणि हसू कशाचं होतं ते मला कळत नसे. सई माझ्याकडे आली की ताठ व्हायची, त्यांच्या मांडीवर गेली की पिठाच्या गोळ्यासारखी सैल पडायची. मी चोरून त्यांच्यासारखी मांडी घालून बघितली, त्यांच्यासारखं गुणगुणून बघितलं. पोर रडलीच. त्या म्हणत, “तुमी घाबरून धरताय बाई. तिला कळतंय.” मला ते खरं वाटे आणि म्हणून त्यांचा आणखी राग येई.

एका दुपारी प्रज्ञा न्हाणीघरात होती. छबूबाई सईचा लंगोट बदलत होत्या, मी कपड्यांच्या घड्या घालत होते. त्यांनी नेहमीसारखं “कोन हाय गं? कोन हाय?” म्हटलं, आणि सई हसली. झोपेतलं ते उगाचचं हसू नव्हे. डोळ्यांत बघून, ओळखून, तोंड पूर्ण उघडून. तिचं पहिलं हसू. छबूबाईंच्या हातातला बंद तसाच राहिला. त्यांचे डोळे भरून आले.

तेवढ्यात प्रज्ञा केस पुसत बाहेर आली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “प्रज्ञा, सई हसली! माझ्याकडे बघून हसली!”

छबूबाई तिथंच होत्या. पोर त्यांच्याच मांडीवर होती, माझ्याकडे तिची पाठ होती. प्रज्ञानं त्यांच्याकडे बघितलं. “खरंच, आई?”

छबूबाईंनी लंगोटाचा बंद कडेला बांधला. “व्हय,” त्या म्हणाल्या. “बाईंकडं बगूनच हसली.”

प्रज्ञानं धावत येऊन मला मिठी मारली. किती दिवसांनी मारली होती. मी ती मिठी घेतली. पण तिच्या खांद्यावरून मला छबूबाई दिसत होत्या. सईला उचलून त्यांनी स्वतःच्या खांद्यावर टाकलं होतं आणि त्या तिची पाठ थोपटत होत्या. आपल्या हाती आलेलं इतकं मोठं काहीतरी त्यांनी लंगोटाच्या घडीसारखं माझ्याकडे सरकवून दिलं होतं. मला त्याबद्दल आभार वाटायला हवे होते. मला वाटला तो हेवा, आणि तो आधीच्या सगळ्या हेव्यांपेक्षा मोठा होता. सून ‘आई’ म्हणते, पोर मांडीवर निजते, इथपर्यंत ठीक होतं. पण इतकं देऊन टाकता येणं, हे मला कधी जमणार नव्हतं.

पुढची दोन-अडीच वर्षं आमचं बरं चाललं. म्हणजे भांडण कधीच नव्हतं, पण आता मी त्यांना ‘छबूताई’ म्हणू लागले. माझ्या उतरत्या खांद्याचे सगळे ब्लाऊज त्याच शिवत. मी त्यांच्याशी गोड बोले आणि आतून जळतच असे. सई बोलायला लागली, तेव्हा पहिल्यांदा ‘आजी’ कोणाला म्हणते यावर माझा डोळा होता. ती पहिल्यांदा ‘गाय’ म्हणाली. आम्ही दोघींनी एकदमच सुटकेचा श्वास टाकला, पण त्यांचा बहुतेक माझ्यासाठी होता.

गेल्या पावसाळ्यात त्यांच्या पायांना सूज यायला लागली. मग दम लागू लागला. दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली होती, आणि त्यांनी ते किती दिवस अंगावर काढलं होतं कुणास ठाऊक. सगळ्या जगाला अंगाला विचारायला सांगणाऱ्या बाईंनी स्वतःच्या अंगाला काही विचारलं नव्हतं. नितीननं नगरला आणलं, उपचार केले. शेवटी त्यांनीच हट्ट धरला, “मला माज्या खोलीत न्या.”

मी भेटायला मिरजगावला गेले. मशीनवर चादर टाकलेली होती. हायवेवरून ट्रक गेला की खोलीतली भांडी किणकिणत. प्रज्ञा दुकानातून काही आणायला बाहेर गेली होती. मी त्यांच्याजवळ खुर्ची ओढली आणि, कसं झालं माहीत नाही, सरळ विचारलं, “छबूताई, तुम्हाला कधी माझा हेवा वाटला नाही का हो?”

त्यांनी थोडा विचार केला. “न्हाई बा,” त्या म्हणाल्या. “खोटं कशाला बोलू? न्हाई वाटला.”

मला वाटलं होतं, माझं शिक्षण, माझी पेन्शन, माझं सावेडीतलं घर, काहीतरी निघेल. काहीच निघालं नाही.

“तुमाला वाटतो, ते म्हाईत हाय मला,” त्या म्हणाल्या. दम लागत होता, म्हणून थांबून थांबून. “पयल्यापासनं म्हाईत हाय. मला त्याचं कदी वाईट वाटलं न्हाई. उलटं बरं वाटायचं.”

“बरं?”

“मी या गावात नांदाय आले तवा पंधरा वर्साची हुते. माजी आई म्या बघितलीच न्हाई. सासू उपाशी ठिवू दे न्हाईतर मारू दे, माज्या मागं भांडाय कुनी आलं न्हाई. कुनाला हेवाच न्हाई वाटला, का आपली पोर दुसऱ्याची झाली. तुमी आलाव का तोंड फुगवून बसायचा. मी म्हनायचे, बसू दे. माज्या सुनंच्या मागं कुनीतरी हाय.”

मी त्यांचा हात धरला. सुजेनं तो जड झाला होता. त्यांनीच विषय बदलला, “सई आता शी-शूचं सांगती का?” मी म्हणाले, “सांगते. दिवसा तर कधीच चुकत नाही.” त्या समाधानानं हसल्या. “सुटला म्हना लंगोट,” म्हणाल्या आणि डोळे मिटून पडून राहिल्या.

आठ दिवसांनी त्या गेल्या. सकाळीच नितीनचा फोन आला. मी पोचले तेव्हा खोलीत, ओट्यावर, रस्त्याच्या कडेपर्यंत बायका बसलेल्या होत्या. निम्म्याजणींच्या अंगावर त्यांनीच शिवलेले ब्लाऊज असणार. प्रज्ञा त्यांच्या छातीवर पडून “आई, आई” करत रडत होती. मी दारात उभी होते आणि त्या तशा वेळीसुद्धा माझ्या मनात आलं, माझ्यासाठी ही एवढी रडेल का? आलं खरं मनात, ते लपवण्यात अर्थ नाही.

मग मी आत जाऊन त्यांच्या उशाशी बसले, त्यांच्या कपाळावर हात ठेवला, आणि नंतर काय झालं ते मला नीटसं आठवत नाही. प्रज्ञा स्वतःचं रडणं थांबवून मला धरत होती एवढं आठवतं. कुणीतरी माझ्या तोंडाला पाण्याचा तांब्या लावत होतं.

मागच्या बायकांत कुजबुज चालली होती. “ह्या कोन? भैन हाय का छबूताईची?”

“न्हाई गं. ईहीन हाय.”

“ईहीन? आन् एवढी रडती व्हय?”

‘ईहीन हाय’ असं सांगणारी बाई समोरच्याच घरातली होती. पाणी तिनंच आणलं होतं. तिची आणि छबूताईंची दारं समोरासमोर, तीस वर्षं रोजचं येणं-जाणं, हे नंतर तिनंच मला सांगितलं. सांगताना ती मशीनवरची चादर सरळ करत होती, आपल्या घरातलीच वस्तू असावी तशी. मला चार वर्षं मिळाली होती, आणि त्यातली बहुतेक मी तोंड फुगवून घालवली. तिला तीस मिळाली. मला तिचा फार हेवा वाटला.